नीरा डावा कालवा आणि चोपण जमिनी: दप्तर, आकडे आणि माती एकत्र कशी वाचायची?

बांधावरून (प्रश्न)

इतिहासाच्या लघुप्रबंधासाठी नीरा डावा कालवा घेतला आहे. काळ साधारण १८८५ ते १९४७, मुलूख पुरंदर, बारामती आणि इंदापूर. मुख्य प्रश्न असा: दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढलेल्या कालव्याखालच्या जमिनी वीस-पंचवीस वर्षांत पाणथळ, खारवट आणि चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणाऱ्या) का होऊ लागल्या, आणि त्याची जबाबदारी कुणाच्या निर्णयांवर जाते?

सगळीकडे एकच वाक्य सापडतं: "शेतकऱ्यांनी पाणी जास्त दिलं, म्हणून जमीन खराब झाली." हे मला तपासायचं आहे. पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि काही छापील वार्षिक अहवाल हाती आहेत. अडचणी अशा:

१) मूळ कागद नेमके कोणत्या विभागात शोधायचे?
२) दोन अहवालांत एकाच वर्षाचं ओलिताखालचं क्षेत्र वेगळं का येतं? "ड्यूटी" या आकड्याचा अर्थ कसा लावायचा?
३) अमुक गावात जमीन कधी बिघडली, हे ठरवायचा काही मार्ग आहे का?
४) आजचे मातीचे नमुने तपासून त्याचा इतिहासात पुरावा म्हणून वापर चालेल का? मार्गदर्शकांचं मत आहे की प्रयोगशाळेच्या भानगडीत पडू नये.

रुमाल_आणि_फडकं

विषय उत्तम आहे. आधी दप्तराचं सांगतो.

गॅझेटिअर १८८५ चं आहे, म्हणजे कालव्यात पाणी सुटायच्या सुमारासचं. त्यात कालव्याचे परिणाम शोधू नका. त्याचा उपयोग उलटा आहे: कालव्याआधीची विहिरींची संख्या, मोटस्थळ-पाटस्थळ (विहिरीच्या मोटेवरचं आणि पाटावरचं) बागायत, बाजरी-ज्वारीचं प्रमाण, गुऱ्हाळाचा खर्च या सगळ्याची ती आधाररेषा आहे. ऊस कालव्याने आणला, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. विहिरींवर थोडा ऊस आणि गूळ आधीही होता. कालव्याने त्याचं प्रमाण आणि जागा बदलली.

मुख्य साठा मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. विभागप्रमुखांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र लागतं. मागणी-चिठ्ठीवर विभाग, वर्ष, खंड क्रमांक आणि कंपायलेशन (खंडातल्या प्रकरणाचा) क्रमांक लिहावा लागतो. टिपण घेताना हे चारही पहिल्या ओळीत उतरवा आणि पान क्रमांक जोडा. नंतर त्या खंडाकडे परत जायला तेवढाच धागा असतो.

फक्त "सार्वजनिक बांधकाम (पाटबंधारे)" उघडून थांबू नका. तिथे इंजिनिअर बोलतात. जमीन बिघडलेला माणूस इंजिनिअरकडे जात नाही, सारा माफ करून घ्यायला मामलेदाराकडे जातो. म्हणून साऱ्याची सूट, तहकुबी (वसुली पुढे ढकलणं), पडीक टाकलेले सर्वे नंबर हे सगळं महसूल विभागात. १८७६-७८ च्या दुष्काळी कामांचे कागद महसूलच्याच दुष्काळ शाखेत. आणि सहसा निसटणारी गोष्ट: या कालव्याला पाणी पुरवणारं भाटघर धरण भोर संस्थानच्या हद्दीत होतं. तिथल्या बुडीत जमिनी आणि संस्थानशी झालेली बोलणी पाहायची असतील तर राजकीय विभागाची सूची चाळा. कालव्याचा इतिहास लिहिताना धरणाच्या वरच्या अंगाचं गाव गायब होतं, त्याचं एक कारण हे की त्याचा कागद दुसऱ्या कपाटात आहे.

खंड ठिसूळ झाला असेल तर वाचायला देत नाहीत. अशा वेळी अडून बसू नका. पाटबंधारे विभागाची छापील कार्यवाही दरवर्षी लंडनलाही जात असे, ती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या "पी" मालिकेत आहे. तिकडे कुणी ओळखीचं शिकत असेल तर नेमकं वर्ष आणि महिना कळवून पानं मागवता येतात.

छापील साहित्यात तीन गोष्टी चुकवू नका: १९०१-०३ च्या भारतीय सिंचन आयोगापुढच्या मुंबई इलाख्यातल्या साक्षी, १९२६-२८ च्या शाही कृषी आयोगापुढच्या साक्षी, आणि १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर काढलेली पत्रिका. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयापासून शोध सुरू करा. साक्षींमध्ये प्रश्नोत्तरं जशीच्या तशी असतात. अहवालाच्या निष्कर्षापेक्षा तीच जास्त बोलतात, कारण कुणाला काय विचारलं गेलं नाही तेही त्यात दिसतं.

सन बदलताना जपून. फसली आणि शुहूर हे जुन्या कागदांतले सन. इसवी सन काढायला फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. दोन्ही मृगापासून सुरू होतात, त्यामुळे जानेवारी ते मेच्या कागदाला मोठा आकडा. इंग्रजी अहवालात "१८९६-९७" दिसलं की आधी प्रस्तावना वाचा: महसुली वर्ष १ ऑगस्टपासून, आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून. पावसाचं एक आणि पाणीपट्टीचं दुसरं वर्ष एकाच ओळीत बसवलं तर दुष्काळ काही महिने सरकतो.

शेजपाळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आकडे वेगळे येण्याची नेहमीची कारणं:

एक, "भिजू शकणारं" आणि "भिजलेलं" क्षेत्र. पहिलं कालव्याच्या आराखड्यातलं, दुसरं मोजणीदाराने पाहिलेलं. दोन, एकाच एकरावर खरीप आणि रब्बी दोन्हीला पाणी घेतलं की काही तक्त्यांत तो एकर दोनदा येतो. तीन, ऊस. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो, म्हणजे तो दोन वर्षांत दिसतो. लागणीच्या वर्षात धरला की तोडणीच्या, हे तक्त्याखालच्या तळटीपेत असतं. चार, आकारलेली पाणीपट्टी आणि वसूल झालेली पाणीपट्टी. कालवा "फायद्यात" आहे असं म्हणताना कोणता आकडा घेतला ते बघा, आणि भांडवलावरचं व्याज धरलं आहे की नाही तेही.

आता ड्यूटी. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) प्रवाह ठरावीक दिवस अखंड चालू ठेवला तर किती एकर भिजतात, तो आकडा म्हणजे ड्यूटी. त्यावरून शेतात किती उंचीचं पाणी पडलं, म्हणजे डेल्टा, असा काढतात:

डेल्टा (फूट) = १.९८३ × दिवस ÷ ड्यूटी

समजा रब्बी ज्वारीला १२० दिवसांत ड्यूटी १२० एकर असेल तर जवळपास २ फूट. उसाला वर्षभर पाणी आणि ड्यूटी ७५ असेल तर १.९८३ × ३६५ ÷ ७५ = ९.६५ फूट, म्हणजे २.९ मीटर. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या अहवालातले घालून पाहा. बारामतीचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो हे डोळ्यांसमोर ठेवलं की या मोजमापाचा अर्थ लागतो.

पण ड्यूटी कुठे मोजली? कालव्याच्या मुखाशी, चारीच्या तोंडाशी की शेताच्या बांधावर? हे न बघता दोन वर्षांची तुलना केली तर सगळं प्रकरण कोसळतं. मुखाशी ९.६५ फूट सोडले आणि वाटेत ४० टक्के गेले, तर शेतात पोचले ५.८ फूट. उरलेले ३.८५ फूट गेले कुठे? बिनअस्तरीच्या मातीच्या कालव्यात बाष्पीभवनाचा वाटा लहान असतो, बहुतेक पाणी तळातून आणि बाजूने मुरतं. अहवालात ते "गळती" म्हणून वजा होतं आणि पुढच्या पानावर नाहीसं होतं. जमिनीच्या दृष्टीने ते नाहीसं झालेलं नाही. ते कालव्याखालच्या विहिरींची पातळी वर चढवत होतं, आणि त्यात शेतकऱ्याचा हात नव्हता. "जास्त पाणी दिलं" हे वाक्य तपासताना शेतात दिलेलं पाणी आणि कालव्यातून मुरलेलं पाणी असे दोन रकाने करा. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा हा सगळ्यात कामाचा तक्ता ठरेल.

एककं: १ क्युसेक = सेकंदाला २८.३ लीटर, १ क्युसेक दिवसभर = २,४४७ घनमीटर, १ एकर-फूट = १,२३३ घनमीटर, १ गुंठा = ३३ × ३३ फूट, ४० गुंठ्यांचा एकर. रुपये-आणे-पै स्प्रेडशीटमध्ये दशांशात टाकताना पै ÷ १९२, आणे ÷ १६. सात रुपये आठ आणे म्हणजे ७.५, ७.८ नव्हे. ही चूक छापील लेखांतही सापडते.

काळीमाती

तिसरा आणि चौथा प्रश्न. मार्गदर्शकांशी मी निम्मा सहमत आहे.

आज नमुना घेतला तर आजची क्षारता कळते, १९१० ची नाही. मधल्या काळात चर खणले गेले, जिप्सम पडलं, मळी पडली, विहिरींचा उपसा वाढला, ठिबक आलं. त्यामुळे विद्युतवाहकता (क्षारांचं माप) किंवा सामू (पीएच) हे आकडे जुन्या काळाचा पुरावा म्हणून मांडू नका. पण मातीत शंभर वर्षांत न बदलणाऱ्या गोष्टीही असतात: काळ्या थराची खोली, चिकणमातीचं प्रमाण, मुरूम किती फुटांवर लागतो, उतार, जवळचा नाला. जमीन बिघडण्याची शक्यता याच गोष्टी ठरवतात. त्या आज मोजून १९०० ला लावता येतात. सहा-सात फूट खोल विहिरीची कड किंवा शेततळ्याचा ताजा काप मिळाला तर प्रयोगशाळेशिवाय काम होतं.

यंत्रणा अशी. कालवा वरच्या समपातळीने चालतो, खाली नदीपर्यंत उतरती काळी जमीन. मुरलेलं पाणी मुरमातून खाली सरकतं आणि खोलगट भागात, जिथे काळी माती जाड आहे, तिथे अडतं, कारण त्या मातीतून पाणी फार सावकाश जातं. पातळी दीड-दोन मीटरच्या वर आली की केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागापर्यंत चढतं, उन्हाळ्यात उडून जातं आणि क्षार मागे राहतात. यात कालव्याच्या पाण्यातल्या क्षारांचाही वाटा असतो. समजा लीटरला २०० मिलिग्रॅम, तर १.७६ मीटर (वरच्या उदाहरणातले ५.८ फूट) पाण्याबरोबर हेक्टरी साडेतीन टन क्षार वर्षाला येतात. निचरा चालू असेल तर ते धुऊन नाल्याला जातात. निचरा नसेल तर साठतात, आणि खालच्या थरातले मूळचे क्षारही वर येतात.

यातून महत्त्वाचं अनुमान निघतं: ज्याचं शेत बिघडलं तो आणि ज्याने जास्त पाणी दिलं तो, हे दोघे एकच असतील असं नाही. चढावरच्या उसाचं पाणी उताराच्या ज्वारीवाल्याला भोवतं. "शेतकऱ्यांनी" या अनेकवचनाखाली हे झाकलं जातं.

खारवट आणि चोपण यांत गफलत करू नका. खारवट: उन्हाळ्यात पांढरा फुगीर थर, पायाखाली भुसभुशीत, वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर, सामू ८.५ च्या आत. चोपण: विनिमयक्षम (मातीच्या कणांना धरून असलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर, सामू ८.५ च्या वर, पावसाचं पाणी गढूळ होऊन दिवसचे दिवस साचून राहतं, वाळली की दगडासारखी कडक. खारवट जमीन निचरा आणि धुलाईने सुधारते. चोपण जमिनीला त्याआधी जिप्सम लागतं. ते न देता नुसतं पाणी सोडून धुतली तर मातीचे कण आणखी विखुरतात आणि ती घट्ट होते. जुन्या अहवालांत दोन्हींना एकत्र "क्षार जमीन" म्हटलेलं असतं, म्हणून सुधारणेचा एखादा प्रयोग एका गावात यशस्वी आणि शेजारी अपयशी दिसतो. वर्णन वाचून कोणती होती ते ठरवा. आम्ल टाकल्यावर फसफसलं म्हणून खारवट, असं लिहू नका. ती चुनखडी.

प्रतिबुक

मातीचा विषय निघालाच आहे, तर इतिहासकारांनी फारसा न वापरलेला एक साठा सांगते: इंग्रजी महसुली मोजणीची प्रतवारी.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नवी मोजणी पहिल्यांदा लागू झाली ती १८३६ साली इंदापूर तालुक्यात, म्हणजे तुमच्याच कालव्याच्या शेपटाकडे. १८४७ च्या संयुक्त अहवालात प्रतवारीचे नियम पक्के झाले: रंग आणि पोतानुसार मातीचे प्रकार, खोलीनुसार नऊ प्रती, वरची सोळा आण्यांची (पूर्ण मोलाची), आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं अशा दोषांसाठी प्रत खाली. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागाची नोंद होत असे. थोडक्यात, कालवा येण्याच्या कितीतरी आधीचं शेतवार मृदा सर्वेक्षण भूमी अभिलेख कार्यालयात प्रतिबुकाच्या रूपाने पडून आहे. हेतू सारा ठरवण्याचा होता, पण खड्डा खरोखर खणला जात होता.

वापरण्याची रीत: गावचं प्रतिबुक, आकारबंद (सर्वे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) आणि गावनकाशा मागवा. सर्वे नंबरनिहाय खोली आणि दोष तक्त्यात भरा. "पाणी साचतं" हा दोष कालव्याआधीच ज्या नंबरांना होता ते वेगळे काढा. मग फेरमोजणीत त्याच नंबरांचा पोटखराबा (नंबरातली लागवडीला अयोग्य जमीन) किती वाढला ते बघा.

तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, खोली पावणेदोन हातांपर्यंतच मोजत, म्हणजे सुमारे अडीच फूट. त्याखाली खणायची गरज साऱ्याला नव्हती. म्हणून सोळा आण्यांची जमीन तीन फूट खोल असेल किंवा वीस फूट. निचऱ्याच्या दृष्टीने यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती खोली काळीमाती यांनी सांगितल्याप्रमाणे आज कापात बघावी लागेल. दुसरं, पोटखराब्यात नाला, वाट, बांध, विहीर सगळं येतं, आणि कालवा व चाऱ्यांसाठी गेलेली जमीनही नंबरातून वजा होते. वाढलेला सगळा आकडा क्षाराच्या खात्यावर टाकू नका. तिसरं, सर्वे नंबर फुटतात, आणि एकत्रीकरणानंतर गट नंबर येतात. जुना-नवा ताळा दाखवणारा उतारा मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि तालुका! जुन्या कागदांत बारामती भीमथडी तालुक्यात आहे, ज्यात आजच्या दौंडचाही भाग येतो. भीमथडीचे १८८० चे आकडे आणि बारामतीचे १९५० चे आकडे शेजारी ठेवले तर शेती अचानक आटल्यासारखी दिसते. गावांची यादी करून गावनिहाय बेरीज करणं हाच उपाय. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

बांधावरून

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिबुकाचा विचारच केला नव्हता.

एक विचारू का? या सगळ्यावरून वाटतं की दोष सरकारचा आणि इंजिनिअरांचा. त्यांना क्षाराचा धोका ठाऊकच नव्हता, असं मांडलं तर चालेल का? आणि फुले यांनी १८८३ मध्ये "शेतकऱ्याचा असूड"मध्ये पाटबंधारे खात्यावर टीका केली आहे, ती पुरावा म्हणून घेता येईल का?

सनावळी

"ठाऊकच नव्हतं" असं मांडू नका, ते टिकणार नाही. पश्चिम यमुना कालव्याखालच्या दलदल, ताप आणि रेह (क्षार फुटलेल्या) जमिनींची चौकशी १८४०च्या दशकात झाली होती. बेकर, डेम्प्स्टर आणि यूल यांचा अहवाल १८४७ चा. पुढे उत्तरेत रेह समितीही बसली. म्हणजे साम्राज्याच्या कागदांत ज्ञान होतं. विचारायचा प्रश्न असा, की ते दख्खनला का लागू केलं गेलं नाही? गंगा-यमुनेची गाळाची माती वेगळी आणि आमची काळी वेगळी, ही तांत्रिक सबब होती की खरी अडचण? काळी माती मुळातच पाणी धरते म्हणून निचऱ्याची जास्त काळजी घ्यायला हवी होती, की कमी पाण्यात भागेल असं गृहीत धरलं गेलं? आराखड्यात नाले आणि निचऱ्याच्या चरांसाठी वेगळी रक्कम दाखवली होती का, हे अंदाजपत्रकात बघा. अंदाजपत्रक सहसा खोटं बोलत नाही.

आता कारणांची साखळी. कालवा संरक्षक कामांत मोडत होता, फायद्याच्या कामांत नव्हे. पण खात्याला दरवर्षी उत्पन्न दाखवावं लागे. चांगल्या पावसाच्या साली बाजरी-ज्वारीवाला पाणी घेत नाही, तो पाणीपट्टी का भरेल? १८९६-९७, १८९९-१९००, १९१८ अशा साली मात्र मागणी एकदम चढते. असं उत्पन्न बेभरवशाचं. ऊस बारमाही पाणी घेतो आणि जास्त दर देतो. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्यावर आले, खंडाने जमिनी घेतल्या, पेंड घालून ऊस केला, गूळ पुण्या-मुंबईला धाडला. खात्याला ते हवेच होते. इथे लोभी इंजिनिअर आणि बिचारा शेतकरी अशी विभागणी करून भागत नाही. खात्याची हिशेबाची पद्धत, उसाचं अर्थकारण आणि काळी माती या तिघांचं जुळणं म्हणजे चोपण जमीन.

हे दाखवायचं कसं? एक आलेख पुरेसा आहे. आडव्या अक्षावर वर्षं. उभ्यावर बारामतीचा पाऊस, हंगामी पिकांचं भिजलेलं क्षेत्र आणि उसाचं क्षेत्र. हंगामी रेघ पावसाच्या उलट हलत असेल आणि उसाची रेघ पावसाकडे न बघता चढत असेल, तर संरक्षक कालव्याचा उसाचा कालवा कधी झाला ते वर्ष तुमच्या हाती येईल. त्या वर्षाच्या आगेमागे पाणीपट्टीचे दर बदलले का, ते ठरावांत शोधा.

मग विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत येते, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. पाणी विखुरलेल्या शेतांना न देता ठरवून दिलेल्या गटाला अनेक वर्षांच्या मुदतीने द्यायचं, आणि गटातल्या एक तृतीयांश जमिनीवरच ऊस, बाकीवर हंगामी पिकं, आळीपाळीने. ही पद्धत पाण्याची बचत म्हणून शिकवली जाते. तुम्ही ती जमिनीच्या आरोग्याच्या बाजूनेही वाचा: फेरपालटीमुळे एका तुकड्याला दोन वर्षं विश्रांती मिळायला हवी. कागदावरचा नियम आणि पीकपाहणीतला ऊस जुळतो का, हे तपासलं तर प्रबंधात नवं काही येईल. १९१६ साली मुंबई सरकारने या प्रश्नांसाठी खास पाटबंधारे कक्ष काढला, ज्यातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. देशातली एवढी मोठी जलसंशोधन संस्था दख्खनच्या पाटपाण्याच्या प्रश्नांतून जन्मली, हे तुमच्या विषयाचं वजन सांगायला पुरेसं आहे.

फुले यांच्याबद्दल: पाणीपट्टी जबर आणि पाणी वेळेवर नाही, ही त्यांची तक्रार १८८३ ची. तेव्हा नीरेच्या कालव्यात पाणीही सुटलं नव्हतं, समोर होता खडकवासल्याचा मुठा कालवा. म्हणून नीरेचा पुरावा म्हणून नाही, पण खात्याविषयी शेतकऱ्याच्या बाजूने आधीपासून काय बोललं जात होतं याचा पुरावा म्हणून जरूर घ्या. पुढच्या काळासाठी ज्ञानप्रकाश, दीनबंधु आणि केसरी चाळा. बातम्यांपेक्षा वाचकांची पत्रं आणि गुळाचे बाजारभाव बघा.

शेजपाळी

सनावळी यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. "अंदाजपत्रक खोटं बोलत नाही" हे धाडसाचं विधान आहे. निचऱ्याची रक्कम दिसली नाही म्हणजे निचरा विचारात नव्हता असं होत नाही. नाल्यांवरची मोऱ्या-जलसेतूंची कामं "क्रॉस ड्रेनेज" या शीर्षकाखाली येतात आणि ती असतातच, नाहीतर पहिल्या पावसात कालवा फुटेल. ती कालव्याला वाचवण्यासाठी असतात, शेताच्या निचऱ्यासाठी नाही. नावात ड्रेनेज बघून विद्यार्थी फसतात. शेतनिचऱ्याचे चर बहुधा नंतरच्या, वेगळ्या मंजुरीत सापडतील. ती पहिली मंजुरी कोणत्या साली मिळाली हे कळलं की खात्याने दुखणं कधी मान्य केलं ते कळेल.

सनावळी

मान्य. "अंदाजपत्रक आणि नंतरच्या पूरक मंजुऱ्या" असं वाचावं.

गुणिले_मैल

नकाशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बारामतीसाठी सर्वेक्षण विभागाचा पत्रक क्रमांक ४७ जे/१२. जुनी आवृत्ती इंचाला मैल, नवी १:५०,०००, दोन्हींची चौकट तीच पंधरा मिनिटांची, त्यामुळे थेट तुलना होते. जुन्या पत्रकाला एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट आजच्या उपग्रहचित्रावर ठेवलं तर कालवा शेजारच्या शेतात सरकलेला दिसतो. आधी प्रक्षेपण नीट नेमा, मग जलसेतू, रेल्वेपूल, जुनी देवळं असे पंधरा-वीस न हललेले बिंदू घेऊन बसवा. कालव्याची वळणं बिंदू म्हणून घेऊ नका, ती दुरुस्तीत बदलतात.

तुमचा काळ १९४७ ला संपतो, तरी १९६० च्या दशकातली अमेरिकन कोरोना उपग्रहाची छायाचित्रं बघाच. लिफ्ट योजना आणि विजेचे पंप गावोगाव पोचण्याआधीचं शिवार त्यांत आहे. कुणी आधी स्कॅन मागवलेली पट्टी असेल तर फुकट उतरवता येते, नाहीतर पैसे भरावे लागतात. पट्टी लांबोडकी आणि कडांना ताणलेली असते, अख्खी बसवायला जाऊ नका, गावापुरता तुकडा कापून बसवा. क्षार पांढरा दिसतो, पण खळं, उघडा मुरूम आणि वाळलेलं काडही पांढरंच दिसतं. मार्च ते मेमधली दोन वेगळ्या सालची चित्रं घ्या. दोन्हीत त्याच जागी, नाल्याच्या कडेने पसरलेला, बांध न मानणारा पांढरा डाग असेल तर तो क्षार. बांधाला काटकोनात थांबणारा डाग म्हणजे कुणाचं तरी कापलेलं शेत.

प्रतिबुक

मुलाखतींबद्दल एवढंच. "कधी बिघडली?" असं विचारलं तर "फार पूर्वी" एवढंच मिळतं. खूणगाठी धरून विचारा: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाआधी, पानशेत फुटलं तेव्हा तिथे काय पीक होतं, अठ्ठेचाळीस साली ते कोण कसत होतं. शेताचं नाव विचारा, गट नंबर नको. नावं जास्त टिकतात. वालचंदनगरच्या भागात गेलात तर मालक, खंडकरी आणि मजूर तिघांशी स्वतंत्र बोला. १९३२ मध्ये साखरेला जकातीचं संरक्षण मिळाल्यावर गुळाचा ऊस कारखान्याचा झाला आणि जमिनीचे मोठे पट्टे एका हातात आले. तिथे पाणी देणाऱ्याचा आणि निर्णय घेणाऱ्याचा हात वेगळा होता.

बांधावरून

शेवटचा प्रश्न. गावं किती आणि कशी निवडू? हाती आठ महिने आहेत.

काळीमाती

तीन पुरेत, पण एकाच चारीवरची घ्या: मुखाजवळचं, मधलं आणि शेपटाचं. तिघांत काळ्या मातीची जाडी वेगळी असली पाहिजे, नाहीतर तुलना कशाची करणार? चौथं एक गाव कालव्याच्या वरच्या अंगाचं, जिथे पाटाचं पाणी पोचत नाही, ते ताडून बघायला ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून या गावांजवळच्या निरीक्षण विहिरींच्या मे आणि ऑक्टोबरच्या पातळ्या अर्ज करून मागवा. आकडे अलीकडचे असतील, पण पाणी कुठल्या बाजूला सरकतं ते कळेल.

रुमाल_आणि_फडकं

आणि गावं ठरवण्याआधी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात जाऊन त्या गावांची प्रतिबुकं शाबूत आहेत का ते बघून या. कसर लागलेली असतील तर गाव बदला. अर्जात "अभ्यासासाठी पाहणी" आणि "प्रमाणित नक्कल" हे दोन वेगळे मागा. पाहणी आधी होते, नकलेला वेळ लागतो. पहिला अर्ज पावसाळ्याआधी टाका, मोजणीचा हंगाम सुरू झाला की कर्मचारी शिवारात असतात.